घानातल्या केप कोस्टला ज्येष्ठ मिशनरी जोडपं म्हणून राहायला जाताना

राजधानी अक्राच्या विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीपाशी पोहोचायच्या आधीच पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड मागतात. घानात ही लस सक्तीची आहे आणि प्रमाणपत्र लस टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. साठी ओलांडलेल्यांनी ती पहिल्यांदाच घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोलावं, कारण या वयात गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. मधेच भारतात फेरी मारणार असाल तर कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. घानाहून येताना ते जवळ नसेल तर भारतातल्या विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोकांच्या तोंडी मॉर्मन. त्यांची पांढऱ्या शर्टातली, छातीवर काळी नावपट्टी लावलेली पोरं सगळ्यांना माहीत असतात. निवृत्त नवरा-बायको मिळूनही मिशनवर जातात, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिन्यांची. खर्च ज्याचा त्याने करायचा. परदेशी राहणाऱ्या जोडप्यांच्या राहत्या जागेच्या खर्चाला महिन्याची कमाल मर्यादा 2011 साली घालून दिली गेली, तेव्हापासून हिशेब जरा सोपा झाला. किराणा, फोन आणि फिरणं स्वतःच्या खिशातून. मेडिकेअर हा अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा देशाबाहेर सहसा चालत नाही, तेव्हा विम्याची सोय निघण्याआधीच लावावी.

घानात तर चर्चच्या अधिकृत कामाची सुरुवातच ज्येष्ठ जोडप्यांनी केली. जोसेफ विल्यम बिली जॉन्सन आणि त्यांचे सोबती घानात 1964 पासून आपल्या परीने प्रार्थनासभा भरवत होते. अखेर 1978 च्या नोव्हेंबरात मेबी आणि कॅनन ही चर्चने पाठवलेली दोन वयस्क जोडपी पश्चिम आफ्रिकेत आली आणि 9 डिसेंबरला केप कोस्टजवळच्या किनाऱ्यावर घानातले पहिले बाप्तिस्मे झाले. पुढे जून 1989 ते नोव्हेंबर 1990 या काळात सरकारने चर्चचं काम बंद ठेवलं होतं. जुनी मंडळी त्या काळाला ‘फ्रीझ’ म्हणतात. ते दिवस काढलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना आपण शिकवायला आलोय असा सूर लावू नये.

अक्रा ते केप कोस्ट अंतर साधारण 145 किलोमीटर, पण वाटेतल्या कासोआ गावाच्या गर्दीत तास कसा जातो कळत नाही. पहाटे निघावं. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे भारतात गाडी चालवलेल्यांचा घोटाळा सरळ रस्त्यावर होत नाही, डावीकडे वळताना होतो. शनिवारी अंत्यविधींचे मोठे मेळावे असतात, लाल-काळ्या कपड्यांतली माणसं रस्ताभर दिसतात. त्या दिवशी लांबचा पल्ला टाळा. अंधार पडल्यावर गाडी काढूच नये. दिवे नसलेली वाहनं, शेळ्या आणि गतिरोधक तिन्ही एकदमच समोर येतात.

पहिला आठवडा पाणी आणि विजेला द्या. गच्चीवर किंवा अंगणात काळी पॉलीटँक असते, तिच्यात पंपाने पाणी चढतं, आणि वीज गेली की पंप बंद. म्हणून वीज असेल तेव्हा टाकी भरून ठेवायची, अर्ध्यावर येऊ द्यायची नाही. मीटर प्रीपेड आहे. शिल्लक शुक्रवारीच पाहा, कारण ती संपायची ती नेमकी रविवारी सकाळी, आणि रविवारी खरेदी करायची नाही हा या मंडळींचा नियम. वीज 230 व्होल्ट, त्यामुळे पुण्याहून नेलेला मिक्सर चालतो. अमेरिकेतला 110 चा जळतो. प्लग चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. फ्रिजला स्टॅबिलायझर लावाच, वीज परत येताना जो झटका बसतो त्यात फ्रिज जातो.

पिण्याचं पाणी उकळायचं तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. दोन्ही नसेल, गॅस नाही आणि फिल्टरही नाही, तर बिनवासाचं 5 ते 9 टक्क्यांचं ब्लीच लिटरला 2 थेंब आणि अर्धा तास थांबायचं. दुकानात मिळणारी अर्ध्या लिटरची पाण्याची पिशवी प्रवासात बरी. कोपरा दातांनी फाडण्याआधी पिशवी बाहेरून पुसा. दात घासायलाही गाळलेलंच पाणी.

मिशनच्या रोजच्या कामातला मोठा हिस्सा म्हणजे तरुण मिशनऱ्यांच्या घरांची तपासणी, आणि तिथेही गाठ पाण्याशीच. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, चौघं एका घरात. फिल्टरकडे कोण बघतो! वरचं भांडं उघडा आणि चिनीमातीची कॅण्डल हातात घ्या. बोटाला बुळबुळीत लागली तर स्वच्छ मऊ ब्रशने पाण्याखाली घासा, साबण अजिबात नको, तो कॅण्डलमध्ये मुरतो आणि पाण्याला चव येते. पाणी सावकाश गळत असेल तर कॅण्डल धुळीने भरली आहे, हरमटानच्या, म्हणजे सहारातून येणाऱ्या कोरड्या धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, हे होणारच. पाणी अचानक भराभर यायला लागलं तर मात्र पोरं खूश होतात, आणि तिथेच चूक असते: कॅण्डलला चीर गेली आहे किंवा खालचं वॉशर सुटलं आहे. चिरलेली कॅण्डल फेकून द्यावी, चिकटवायच्या भानगडीत पडू नये. मग गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा, धुराच्या अलार्मचं बटण दाबा, मच्छरदाणी उजेडात धरून भोकं शोधा. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली नसेल तर ती असून नसल्यासारखीच. खाऊचा डबा सोबत असला की ही सगळी झडती कुणाला झडती वाटत नाही.

तरुणांचा साडेसहाला उठण्याचा नि ठरल्या वेळी झोपण्याचा काटेकोर नियम जोडप्यांना लागू नाही, दारोदार फिरण्याची सक्तीही नाही. तरी दहा ते चार उन्हात हिंडू नका, बैठी कामं तेव्हा करा: मंडळीतल्या कारकुनाला दशांशाच्या, म्हणजे सदस्य चर्चला देतात त्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या नोंदी शिकवणं, कीबोर्डवर भजनं बसवून घेणं, भाडेकरार आणि निवास परवान्यांची कागदपत्रं. कीबोर्ड बॅटरीवर चालणारा घ्या. कुठलंही काम दोघांना शिकवा, एकाला नाही. एकच माणूस तयार केला आणि तो अक्राला नोकरीला गेला की पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी उपासना दोन तासांची. 2019 पासून तीनची दोन झाली. पहिल्या रविवारी उपास असतो, सलग दोन जेवणं सोडायची. आपल्याकडच्यासारखी साबुदाण्याची सोय नाही, पाणीही नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर उपास करू नका. प्रकृती साथ देत नसेल त्याला सूट आहे. चहा-कॉफी बारा महिने बंद. मायलो हे चॉकलेटी पेय मिळतं, पण आल्याच्या चहाची हौस त्याने भागत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

जेवणात मराठी माणूस उपाशी राहत नाही. ‘रेड रेड’ म्हणजे लाल पामतेलातली चवळी, सोबत तळलेलं केळं. ‘केलेवेले’ म्हणजे राजेळीसारख्या केळ्याचे तुकडे, आलं-मिरची लावून तळलेले. कोंतोमिरेची भाजी अळूच्या जातीतल्या पानांची असते, मात्र तिच्यात बहुतेकदा सुकी मासळी असते आणि ‘शितो’ नावाच्या काळ्या चटणीतही, म्हणून शाकाहाऱ्यांनी विचारूनच वाढून घ्यावं. तूरडाळ, मोहरी, हिंग महिन्यातून एकदा अक्रातल्या भारतीय दुकानांतून आणावं. पैसे देता-घेताना उजवाच हात. डावखुऱ्यांनीही सवय करावी.

हिवतापाच्या गोळीबद्दल हयगय नको. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर रोज 100 मिलिग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. या गोळीने ऊनही लवकर बाधतं. देश सोडल्यावर पुढे 4 आठवडे ती चालू ठेवावी लागते, आणि घरी पोहोचल्यावर हमखास विसरतात. दोघांपैकी कुणालाही ताप आला तर ‘उद्या बघू’ न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासा.

सोमवार तयारीचा दिवस: कपडे, बाजार, गाडीचं पाणी-तेल. वेळ उरला तर काकुमच्या जंगलातला दोरांचा पूल, पण गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नातवंडांना घानाच्या रात्री आठला फोन केला तर तिथे दुपारचा एक वाजलेला असतो, उन्हाळ्यात दोन. शाळेच्या दिवशी नातवंडं शाळेत असतात, म्हणून शनिवार ठरवा.

निघताना पुढच्या जोडप्यासाठी किल्ल्यांना चिठ्ठ्या लावा, मीटरचा क्रमांक आणि पाण्याच्या पंपवाल्याचा फोन फ्रिजवर चिकटवा, आणि फिल्टरची कॅण्डल कधी बदलली ती तारीख भांड्यावरच मार्करने लिहा.