गुरुवारी गणवेशात येणारी मुलगी

गेल्या शनिवारी आमच्या विद्यापीठातल्या एका लहान सभागृहात काही मुलंमुली अमेरिकन सैन्यात सेकंड लेफ्टनंट झाली. त्यातली एक माझी जुनी विद्यार्थिनी. तिने उजवा हात वर करून राज्यघटनेची शपथ घेतली. एका खांद्यावर आईने सोनेरी पट्टी लावली, दुसऱ्यावर वडिलांनी. मग एक सार्जंट समोर आला आणि त्याने तिला कडक सॅल्यूट ठोकला. तिनेही सॅल्यूट केला आणि हात मिळवताना त्याच्या तळहातात चांदीचा एक डॉलर ठेवला. अधिकारी झाल्यावर पहिला सॅल्यूट करणाऱ्याला असं नाणं द्यायची इथे जुनी रीत आहे. ते नाणं त्याच्या मुठीत गेलं आणि मला रडू आवरेना. का, ते सांगायला हे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी मी सकाळी आठचा संख्याशास्त्राचा तास घ्यायचे. ही पहिल्या बाकावर. केस ओले, बॅगेत केळं, डोळे टक्क उघडे, कारण सहाची पीटी उरकून आलेली. दर गुरुवारी मात्र पूर्ण गणवेश. उजव्या खिशावर आडनाव, डाव्या खिशावर ‘यू.एस. आर्मी’. मैदानातल्या दवाने बूट भिजलेले असायचे, बाकाखाली चिखलाचे ठसे उमटायचे. आणि वर्गात कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही! शेजारी संगीत शिकणारा मुलगा, मागे नर्सिंगच्या दोन मुली. चाचणीत तिला मानक विचलन जमलं नाही, तर तिचेही गुण कापले जायचे.

कॉलेजात शिकता शिकता सैन्याचा अधिकारी व्हायच्या या प्रशिक्षणाला इथे आरओटीसी म्हणतात. 1916 च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना, पण मूळ त्याहून जुनं. 1862 च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या पैशावर जी कॉलेजं निघाली, त्यांत शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी शिक्षणही द्यायचं, असं कायद्यातच होतं. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथल्या सैन्याला सर्वांत जास्त नवे अधिकारी मिळतात ते अशा साध्या कॉलेजांतून. पहिली दोन वर्षं, सैन्याची शिष्यवृत्ती घेतली नसेल तर, कुणीही हे विषय घेऊन सोडून देऊ शकतं. तिसऱ्या वर्षी करार. एकूण आठ वर्षांची बांधिलकी, काही काळ पूर्णवेळ, उरलेला राखीव दलात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला महिनाभराहून मोठं शिबिर. पाठीवर सोळा किलोचं ओझं घेऊन एकोणीस किलोमीटर चालायचा सरावही करावा लागतो. अमेरिकेचं नागरिकत्व असल्याशिवाय करार होत नाही.

तिने मला सरळ सांगितलं होतं, ‘ही शिष्यवृत्ती नसती तर मी कॉलेजात आलेच नसते.’ तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. फी परवडत नाही म्हणून वर्दी, आमच्याकडे तसं नाही, असं मनात आलं. पण मी सातारा जिल्ह्यातली. पहाटे रस्त्याकडेला भरतीसाठी धावणारी पोरं बघत मोठी झाले. घरी पैसा असता तर त्यातली किती धावली असती?

आमच्याकडे जवान घरोघरी. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावून पुन्हा मुलं पाठवतच राहिलं. पण अधिकारी? ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या फाटकाआड तयार व्हायचे, शाळा संपताच घरातून गेलेले, बहुतेक दुसऱ्या कुणाचे तरी मुलगे. मुलींना तर तेव्हा तिथे प्रवेशच नव्हता. 2025 च्या मेमध्ये पहिल्या 17 मुली तिथून बाहेर पडल्या, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल!

अधिकारी आपल्या बाकावर बसतो, कॅन्टीनमध्ये आपल्यामागे रांगेत उभा असतो, हे या मुलीमुळे मी पहिल्यांदा पाहिलं असं मला वाटलं होतं. ते खरं नाही. आमच्या कॉलेजच्या व्हरांड्याच्या टोकाला एनसीसीची खोली होती. 1948 पासून देशभर आहे ती. मी तीन वर्षं तिथे होते. ‘दाहिने मुड’, बुटांचं पॉलिश, परेडनंतरचं रिफ्रेशमेंट, पॉइंट टू टू रायफलचा खांद्याला बसलेला पहिला झटका. ‘सी’ सर्टिफिकेटही मिळालं. त्या जोरावर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला जाता येतं आणि निवड झाली तर अधिकारी घडवणारी चेन्नईची अकादमी, हे आमच्या एनसीसीच्या सरांनी चार वेळा सांगितलं होतं. भोपाळहून मुलाखतीचं बोलावणंही आलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं. आई म्हणाली, ‘हातातलं सोडून भोपाळला कुठं जातीस?’ घरावर कर्ज होतं, धाकट्याचं शिक्षण होतं. मी गेले नाही. त्या घरात त्या वर्षी कुणीही हेच केलं असतं, असं मी आजही मानते.

पण एक प्रश्न पाठ सोडत नाही. एनसीसीबद्दल मी माझ्या या विद्यार्थिनीला अगदी अभिमानाने सांगितलं होतं. गणवेश सरकारचा, शिबिरं सरकारची, आणि गावाकडच्या मुलीलाही दिल्लीच्या संचलनापर्यंत जाता येतं. तिने शांतपणे विचारलं, ‘मग शेवटी तुम्ही काय देणं लागता?’

‘काहीच नाही,’ मी म्हणाले.

‘काहीच नाही? मग त्यांचा तुमच्यावर फारच विश्वास असला पाहिजे.’

शनिवारी समारंभ संपल्यावर तिच्या आजीने माझा हात धरला. ‘तू मघाशी अशी ताठ का उभी होतीस? तूही सैन्यात होतीस का?’ तेव्हा माझ्या लक्षात आलं, शपथ सुरू झाल्यापासून माझ्या टाचा जुळलेल्या होत्या, मुठी मांडीला चिकटलेल्या. मी म्हटलं, ‘नाही आजी. कॉलेजात असताना तीन वर्षं शिकले होते.’