'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कित्येक वर्षं हा प्रश्न माझ्यापुढे येतोय: 'तुम्ही रोज एवढी प्रार्थना करता, देव उत्तर देतो का हो?' देव न मानणारे विचारतात तेव्हा आवाजात काळजी असते, बाई उगाच आशेवर जगतेय की काय अशी. मंडळीतले, म्हणजे माझ्या चर्चमधले, विचारतात तेव्हा त्यांना साक्ष हवी असते, उपासनेत उभं राहून सांगता येईल अशी. दोघांनाही मी आजवर 'हो, देतो' एवढंच सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण तेवढ्यावर ऐकणाऱ्याने जे समजून घेतलं ते बहुतेक वेळा चुकीचं होतं, आणि त्याचा मला आता त्रास होतो.

आधी एक गैरसमज दूर करते. प्रार्थनेला बसले की मला काहीतरी जाणवतं, मन भरून येतं, आतून आवाज येतो, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. कधीतरी होतं. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. सकाळी बायबलमधलं एक स्तोत्र, शुभवर्तमानातला म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं, शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. रात्री पुन्हा थोडं. मदर तेरेसा 1997 साली वारल्या आणि त्यांची खासगी पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, असं त्या पत्रांतून दिसलं. 'म्हणजे सगळा देखावाच होता' असं काहींनी म्हटलं. मला मात्र वाचून हायसं वाटलं. काही जाणवत नसतानाही पहाटे उठून गुडघे टेकणारी बाई देखावा करत नसते.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही खरं तर विचारताय, पण नाव घेत नाही, त्याबद्दल.

धाकटा भाऊ आजारी पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मागितलं. मंडळीचे वडील, म्हणजे तिथले जबाबदार ज्येष्ठ, आले, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं त्याला तेल लावून प्रार्थना केली. मी इस्पितळाच्या बाकावर बसून मागितलं, जिन्यात उभी राहून मागितलं, सौदे केले, धमक्यासुद्धा दिल्या. माझ्या साऱ्या आयुष्यात इतकं जीव तोडून मी दुसरं काही मागितलेलं नाही. तो गेला.

अंत्यविधीनंतर मंडळीतले एक गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'विश्वासात कुठेतरी उणीव राहिली असेल. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवते, असं वचन आहे.' मी काही बोलले नाही. बोलण्याचं त्राण नव्हतं. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि फार दिवस राहिलं. कुणाची उणीव? माझी? आईची? त्याची स्वतःची, जो श्वास पुरत नसताना 'आमेन' म्हणत होता?

पुढच्या रविवारी मी उपासनेला गेले. लोकांना वाटलं, केवढा हा विश्वास. खरं कारण एवढंच होतं की घरात बसवत नव्हतं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, 'तुझे राज्य येवो'पर्यंत मी सगळ्यांबरोबर म्हटलं, आणि पुढच्या ओळीला तोंड मिटून घेतलं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' रडू आलं म्हणून नव्हे. मी ठरवून म्हटलं नाही. त्याच्या मरणाला मी संमती देणार नव्हते. पुढे 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हटलं, क्षमेचं म्हटलं, 'आमेन'ही म्हटलं.

हे काही महिने चाललं. घरी एकटी असताना तर त्या ओळीपाशी सगळीच प्रार्थना थांबायची, पुढे सरकायचीच नाही. मंडळीत मात्र थांबायची नाही. माझ्यासाठी कुणी थांबत नव्हतं. आधी मला त्याचाच राग यायचा: माझा भाऊ गेलाय आणि हे लोक ही ओळ इतक्या सहज कशी म्हणू शकतात? मग हळूहळू दुसरंही दिसू लागलं. मी गप्प होते तरी ती ओळ म्हटली जात होती. माझ्या चहूबाजूंनी, काही विश्वासाने, काही नुसती पाठ म्हणून, पण जात होती. उपासनेला का जाता, घरी प्रार्थना होत नाही का, असं विचारता ना? त्या दिवसांत घरी होत नव्हती. मंडळीत होत होती, आणि मी तिच्या आत बसलेली होते.

तरुणपणीची मी हे ऐकती तर चिडली असती. पाठ केलेल्या प्रार्थनांचा तिला तिटकारा होता. जे मनात नाही ते ओठांवर आणू नये, देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलावं, असं ती ठासून सांगायची. तिच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. तिचं म्हणणं मला पटतं, पण ते चांगल्या दिवसांपुरतंच. ख्रिस्ती संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासींसाठी नियम घालून दिले, तेव्हा स्तोत्रसंहितेतली सगळी 150 स्तोत्रं दर आठवड्यात म्हणून व्हायलाच हवीत, असा दंडक घातला. आवडती तेवढीच नव्हे, सगळी. त्यामुळे 88वं स्तोत्रही त्या मठांत प्रत्येकाच्या वाट्याला दर आठवड्याला यायचं. विलाप करणारी इतर स्तोत्रं बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. भाऊ गेल्यावर मला स्वतःचे शब्द नव्हते. ते स्तोत्र होतं. माझी तक्रार कुणीतरी माझ्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती, आणि पवित्र शास्त्राने ती वगळली नव्हती.

त्या गृहस्थांच्या वाक्याला आज उत्तर देते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने प्याला, म्हणजे समोर ठाकलेलं दुःख आणि मरण, टळावा म्हणून प्रार्थना केली. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो, तेच शब्द उच्चारून तिसऱ्यांदा केली. प्याला टळला नाही. तिथे कुणाच्या विश्वासात उणीव होती? दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं ओरडून विचारलं, तेही 22व्या स्तोत्राच्या शब्दांत. हे वाचूनही जो शोकात बसलेल्या माणसाचा विश्वास मोजायला जातो, त्याने ते शुभवर्तमान पुन्हा वाचावं. हे मी रागाने लिहितेय, आणि तो राग मला मागे घ्यायचा नाही.

'ही सवय आहे, झालं' असंही तुम्ही म्हणता. सवय आहेच. शुभवर्तमानातली म्हातारी हन्ना रात्रंदिवस मंदिरात प्रार्थना करत राहायची असं लूक सांगतो, तिलाही सवयच असणार. 'मानसिक आधार मिळतो' हेही अर्धंच खरं आहे. ज्यांना मी क्षमा करू शकत नाही त्यांचीही नावं माझ्या यादीत आहेत. त्या गृहस्थांचंही आहे. ते नाव घेताना आधार मिळत नाही, उलट असलेली शांतीही जाते. तरी घेते, कारण वैऱ्यांसाठी प्रार्थना करा हे ज्याने सांगितलं त्याने त्यातून कुणाला वगळलेलं नाही.

ती ओळ मी पुन्हा कधी म्हणू लागले? ठरवून नाही. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर लक्षात आलं की आज म्हटली. देवाची इच्छा मान्य झाली म्हणून, की नुसती भांडून दमले म्हणून, हे सांगता येत नाही. तरुणपणीची मी म्हणेल, तर मग ते म्हणणं खरं नव्हे. असेल. अजूनही काही दिवशी मी ती ओळ म्हणते तेव्हा मला तिचा अर्थ मान्य नसतो.

आता एक मैत्रीण आजारी आहे. तिच्यासाठी मी बरं होणंच मागते, सरळ शब्दांत, आधीच माघार न घेता. भावासाठी केलेल्या त्या सगळ्या प्रार्थनांचं काय झालं, हे मला कळलेलं नाही. 'देवाकडे काहीतरी योजना असेल' हे कृपा करून मला सांगू नका. मी ते त्यालाच विचारते, आणि तुम्ही ज्याला माझी रोजची प्रार्थना म्हणता त्यात हे विचारणंही येतं.