भुयारातल्या हवेसाठी जागा

भुयारी मेट्रोच्या स्थानकाजवळ, पदपथाला लागून, वरच्या अंगाला जाळीच्या पट्ट्या बसवलेला काँक्रीटचा चौकोनी मनोरा उभा असतो. त्याला आम्ही व्हेंट शाफ्ट म्हणतो, म्हणजे भुयारातली हवा आत-बाहेर जाण्याची उभी वाट. भुयारी वायुवीजनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, आणि या मनोऱ्याच्या जागेवरून जेवढी ओढाताण पाहिली तेवढी रुळांवरूनही पाहिली नाही.

मुंबईची ‘मेट्रो 3’ ही मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. सुमारे 33.5 किलोमीटरच्या या मार्गावरील 27 स्थानकांपैकी 26 जमिनीखाली आहेत. फलाटाच्या कडेला काचेची दारे असल्यामुळे स्थानकातील थंड हवा आणि बोगद्यातील गरम हवा वेगळ्या राहतात, आणि ब्रेकची व डब्यांवरील वातानुकूलन यंत्रांची उष्णता बोगद्याच्याच वाट्याला येते. धावती गाडी पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पुढची हवा ढकलते आणि मागून नवी हवा ओढते. ही हवा शाफ्टमधून ये-जा करत राहिली, तर रोजच्या वेळी मोठे पंखे लावावे लागत नाहीत.

त्या पंख्यांची खरी गरज आग लागल्यावर असते. गाडी बोगद्यात अडकली, तर एका बाजूच्या स्थानकातील पंखे हवा आत लोटतात, दुसऱ्या बाजूचे धूर बाहेर ओढतात, आणि प्रवाशांना वाऱ्याच्या समोरून, ताज्या हवेच्या दिशेने चालत बाहेर काढले जाते. आग नेमक्या कोणत्या डब्यात आहे त्यावर ही दिशा ठरत असल्याने पंखा दोन्हीकडे फिरणारा आणि 250 अंश सेल्सिअसचा धूर ओढतानाही चालू राहणारा हवा. वारा पुरेशा वेगाचा नसेल, तर धूर छताला धरून उलटा, माणसांच्या डोक्यावरून परत येतो.

एका कामावर पदपथ रुंद ठेवण्यासाठी शाफ्टचे तोंड आराखड्यापेक्षा लहान बांधले गेले होते. रात्री अडीच वाजता चाचणी घेताना मी बोगद्यात काठीला बांधलेली कापडी फीत धरून उभा होतो. ती आडवी ताणली जायला हवी होती, पण अर्धी लोंबत फडफडत होती, आणि वेगमापकाचा आकडाही तेच सांगत होता. पंखा मोठा बसवा, असे सुचवण्यात आले. परंतु तेवढीच हवा निम्म्या वाटेतून न्यायची तर तिचा वेग दुप्पट आणि अडथळा चौपट होतो, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या घरांत पोहोचतो तो वेगळाच.

लंडनमध्ये खोल बोगद्यांभोवतीची चिकणमाती सुरुवातीला साधारण 14 अंशांवर होती, आणि शतकभर गाड्यांची उष्णता शोषून ती 19 ते 26 अंशांवर गेली आहे. तिथे 1922 मध्ये बंद पडलेल्या सिटी रोड स्थानकाच्या जुन्या शाफ्टमधून येणाऱ्या उष्णतेवर 2020 पासून इस्लिंग्टनमधील घरे उबदार ठेवली जातात, ही कल्पना मला फार आवडते. परंतु दाट वस्तीत नवा शाफ्ट खणायला जागा मिळवणे तिथेही अतिशय कठीण आहे. म्हणूनच, स्थानकाची पहिली रेघ ओढण्याआधी शाफ्टचे क्षेत्रफळ ठरवून ते गोठवावे, असे मी प्रत्येक बैठकीत मांडतो.

आमच्या त्या शाफ्टची एक भिंत शेवटी फोडावी लागली. दीड महिन्याने त्याच जागी, तीच काठी घेऊन उभा राहिलो, तेव्हा फीत सरळ आडवी झाली.