मी आत्याचा षड्जच कापत होते

लालबागच्या चाळीत राहणारी माझी आत्या कित्येक वर्षं महिला भजनी मंडळात गाते. तिचे पाच अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवावेत, एवढ्यासाठी मी मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं, शिकायला बसले. लॅमिंग्टन रोडवरून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे दोन माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, आणला, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं. पहिल्या अभंगाच्या मिक्सिंगलाच आठ महिने लागले.

शेजाऱ्यांना सांगून ठेवून रात्री उशिरा, पंखे बंद करून बसलो. आत्या बाहेरच्या खोलीत, भोवती दोरीवर गोधड्या, तबला स्वयंपाकघरात. पेटी आणि टाळ दुसऱ्या दिवशी त्यावर घेतले. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या ठोक्यांवर, गायला आत्याने साफ नकार दिला. "अगं, अभंगाची लय चढत जाते. तुझी ती टिकटिक मला मागे ओढते." मी क्लिक बंद केला, आणि ते फार बरं झालं.

पहिला टेक मात्र वाया गेला. टेपवर आवाज जास्त झाला तर तो हळूहळू दबत जातो, असं ऐकलं होतं. डिजिटलमध्ये मीटरवर शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते. लाटेचं टोक सपाट कापलं जातं आणि ती करकर नंतर काढता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, कमी ठेवला तरी खरखर वाढल्यासारखी वाटत नाही, हे कळल्यावर पुढच्या टेकला वरच्या स्वरांतही मीटर उणे १०च्या वर जाऊ दिला नाही.

मग खरं शिक्षण सुरू झालं. बघावा त्या व्हिडिओत एकच सल्ला होता: २०० ते ३०० हर्ट्झमध्ये चिखल, म्हणजे गढूळ आवाज, साठतो, तो इक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) काढा. मी आवाजातून काढला, पेटीतून काढला, तबल्यातूनही काढला. सगळं स्वच्छ वाटायला लागलं. आत्याला ऐकवलं, तर ती म्हणाली, "आवाज माझाच आहे गं, पण सा बसत नाहीये."

मला कळेना. तिने पेटी ओढली आणि आपला सा, म्हणजे काळी चार, आणि पंचम धरून भाता मारत राहिली. मी माइक लावून ॲनालायझरवर, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर, बघितलं. पहिलं टोक बरोबर २०८ हर्ट्झवर उभं राहिलं, पंचम ३११ वर. मी ज्याला चिखल म्हणून उपसत होते, तिथे तिचा षड्ज होता. त्या सल्ल्यात चूक नव्हती. गिटार, बेस आणि ड्रम्सच्या बँडसाठी तो ठीकच आहे. आमच्याकडे बेस नाही, आणि सगळं गाणं ज्या स्वरावर उभं असतं तो स्वर नेमका तिथेच आहे. त्या रात्री सगळे इक्यू काढून टाकले.

आता आवाजाला फक्त ९० हर्ट्झच्या खाली काट आहे. पेटी आवाजाच्या मागोमाग तेच सूर वाजवते, म्हणून जागा तिने द्यायची: ती थोडी डावीकडे सरकवली आणि आत्या गात असताना दोन डेसिबल खाली घेतली. खरा घुमारा डग्ग्यात होता. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले आवाज फुगतात. गोधडी वरचे आवाज शोषते, हे खालचे नाही. ११२च्या आसपास अरुंद काट दिल्यावर डग्गा मोकळा झाला.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. मी रात्री अगदी हळू आवाजात मिक्स करायची आणि सकाळी मोठ्याने लावलं की तबला अंगावर यायचा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून मांडलं होतं. मी रात्री ती कमतरता तबल्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करून भरत होते. आता पातळ्या रविवारी दुपारी, बोलण्याइतक्या आवाजात ठरवते.

रिव्हर्बवर, म्हणजे आवाजाला दिलेल्या कृत्रिम घुमण्यावर, फार लिहीत नाही. देवळासारखं वाटावं म्हणून भरपूर घातला होता, त्यात शब्द बुडाले. अभंगात शब्द ऐकू आला नाही तर काय उरलं? बंद केल्यावरच तो होता हे जाणवावं, इतकाच ठेवला.

मंडळातल्या बायका फोनवर ऐकणार, आणि फोनच्या स्पीकरमधून डग्ग्याचा खालचा आवाज येतच नाही. म्हणून ७०० हर्ट्झच्या आसपास डग्गा जरा उचलला, म्हणजे निदान हाताचा दाब कळतो. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. दुसऱ्या कडव्यात टाळ पुढे येतोय, असा आत्याचा निरोप आला. तो मागे घेतला. अजून चार अभंग आहेत.