तेजगढचा पिठोरा
आज बडोद्याहून तेजगढच्या आदिवासी अकादमीत जाऊन आले, तिथे राठवा आदिवासींचा पिठोरा, म्हणजे भिंतीवरचं चित्र, बघितला, घोडेच घोडे! आपण पेंटिंग म्हणून मोकळे होतो पण तो नवसाचा असतो, लखारा म्हणजे चितारी तो काढतो आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, त्यातलं काय काय ते वाचून दाखवतो. येताना गाडीत तेच डोक्यात, असं ज्ञान आपलंच आहे हे सिद्ध कसं करायचं? हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं कारण आपल्याकडे लेखी पुरावे होते, ज्यांचं सगळं ज्ञान तोंडीच त्यांनी काय दाखवायचं? केरळच्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, त्यातून जीवनी औषध निघालं, लायसन्स फी नि रॉयल्टीत अर्धा वाटा त्यांना ठरला, छानच, पण असं किती वेळा होतं हो? इथे पिठोरा छापलेल्या उशा मिळतात, त्यावर राठवांचं नावसुद्धा नसतं. नणंद म्हणते, काय क्यूट डिझाइन आहे ना!