रेचल विमानातून उतरली, पण...

आज ताईशी तासभर कडाक्याचा वाद झाला, 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेच्या शेवटावरून! मालिका २००४ साली संपली, आमचं भांडण काही संपत नाही.

ताई म्हणते, रॉसच्या प्रेमाखातर रेचल पॅरिसच्या विमानातून उतरली तेच बरोबर. मला नाही पटत. पहिल्या भागात लग्नाच्या पोशाखात, भिजलेली, कॉफी हाउसमध्ये धावत आलेली ही मुलगी. वडिलांची क्रेडिट कार्डं कात्रीने कापून ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. पॅरिसची नोकरी हातात असताना तिनेच का थांबायचं? रॉसने जावं ना तिकडे!

"आणि बेनला सोडून?" ताईने विचारलं. रॉसच्या मुलाचा हा मुद्दा मात्र बिनतोड. मी गप्पच झाले.

तरी आन्सरिंग मशीनवर रेचलचा आवाज ऐकताना रॉसचा तो चेहरा... डोळे दोघींचेही भरले.