टॅक्रोलिमसची लेव्हल आणि माटोळीचं पपनस

बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून मुंबईहून किंवा वेल्लोरहून गोव्यात परतल्यावर घरचे हमखास विचारतात, "काउंट (रक्तपेशींचे आकडे) वर आले ना, मग एवढ्या गोळ्या अजून कशाला?" डोनरच्या टी-पेशी (परक्यावर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आता रुग्णाच्या अंगात आहेत आणि तिथलं सगळंच त्यांना परकं वाटू शकतं, म्हणून.

ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने आतड्याचं अस्तर सोलवटतं. दुखावलेल्या पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-१, आयएल-६ ही सायटोकाइन, म्हणजे पेशींचे एकमेकींना जाणारे रासायनिक निरोप, सोडतात. डोनरच्या पेशी येतात त्या या पेटलेल्या वातावरणातच. त्या आयएल-२ हे आणखी एक सायटोकाइन बनवतात आणि त्याच्याच बळावर भराभर वाढतात. त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनने मॅक्रोफेज (गिळंकृत करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) चेकाळतात, पुन्हा टीएनएफ सुटतं, अस्तर आणखी फाटतं. हीच जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज), डोनरच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं टी-पेशींतल्या कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे आयएल-२ मुळातच कमी बनतं. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल सुरुवातीला साधारण ५ ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. नेमका आकडा तुमचं केंद्र ठरवतं. खाली गेली तर टी-पेशी मोकाट, वर गेली तर हात थरथरतात, क्रिएटिनीन (मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण) आणि बीपी चढतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो रक्त देताना. रात्रीच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगून येतो, त्यावरून डोस कमी होतो आणि खरी लेव्हल घसरते. गोळी सोबत न्या, रक्त दिल्याबरोबर तिथेच घ्या. औषध सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) चढत असेल तर त्याच नळीतून रक्त काढू देऊ नका. आत चिकटलेल्या औषधाने लेव्हल खोटी वाढते.

चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेलं पपनस रुग्णाला प्रसाद म्हणूनही देऊ नका. त्यातली फ्युरानोकुमरिन टॅक्रोलिमस मोडणारं आतड्यातलं सीवायपी३ए४ एन्झाइम निकामी करतात आणि लेव्हल चढते. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या औषधांनीही तेच होतं. ती सुरू करताना टॅक्रोलिमस कमी करण्याची आठवण सगळ्यांना असते. बंद करताना वाढवायचं राहून जातं, आणि माझ्या मते जास्त धोका तिथेच आहे.

जुलाब लागले तर "चार-पाच वेळा झाले" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. मोजपात्र ठेवा आणि २४ तासांचा आकडा लिहा. प्रौढांमध्ये ५०० मिलीच्या पुढे आतड्याच्या जीव्हीएचडीची पहिली पायरी धरतात, १५०० च्या पुढे तिसरी. रक्त पडत असेल तर मोजत बसू नका, ताबडतोब निघा. पुरळ हाताच्या पंजाने मोजा, रुग्णाचा बोटांसकट एक पंजा म्हणजे त्वचेचा सुमारे १ टक्का. आपल्याकडच्या उन्हात छत्री आणि लांब बाह्या हव्यातच, कारण भाजलेली त्वचाही सायटोकाइन सोडते.

तीव्र जीव्हीएचडी वाढलीच तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, बहुधा किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत. ३ दिवसांत बिघडत गेलं किंवा ७ दिवसांत उतार पडला नाही, तर स्टेरॉइडला दाद नाही असं धरतात. मग बहुतेकदा रुक्सोलिटिनिब. इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-६ यांचे निरोप पेशीत जॅक-१ आणि जॅक-२ या एन्झाइममधून जातात, तो मार्गच ते अडवतं. प्लेटलेट घसरतात, सीएमव्ही (अंगात दबून राहिलेला एक विषाणू) डोकं वर काढतो, म्हणून दोन्हींच्या तपासण्या ठरल्या वारी करा. आणि ही गोळी मनाने एकाएकी बंद करू नका; दाबलेली जीव्हीएचडी उसळून येऊ शकते.